लोंबकळता राजा आणि आत्याचा भात

सिनेमा ऐन मोक्याच्या जागी तोडून 'पुढचं भाग दोनमध्ये' म्हणावं की म्हणू नये, यावर हल्ली जो तो मत देतो. आमच्या फुलपाड्यात वडापावच्या गाडीवर देतात, सोसायटीच्या ग्रुपवर देतात, माझी मुलगी ऋतिका तर मोबाइल समोर धरून अनोळखी लोकांना देते. देवोत बापडे. पण या विषयावर अधिकाराने बोलू शकेल असा माणूस वसई-विरारच्या हद्दीत एकच आहे आणि तो मी. बाकीच्यांनी भाग एक नुसता पाहिला. आमच्या घरात तो राहायला आला होता.

सिनेमाचं नाव 'वीरकेतू'. तिकिटं ऋतिकाने काढली होती. आमची ही म्हणाली, आत्यांना एकट्या घरी कशाला ठेवायचं, त्यांनाही नेऊ. ही म्हणजे माझी बायको, आणि पुढच्या सगळ्या रामायणाची सुरुवात तिच्या या चांगुलपणातून झाली हे मी तिला अधूनमधून ऐकवत असतो. आत्या म्हणजे जयवंतीआत्या, माझ्या वडिलांची धाकटी बहीण. मूळ देवगडकडची, वय सत्त्याहत्तर, दात स्वतःचे आणि मतंही स्वतःची. श्रावणात ती बिल्डिंगमधल्या बायकांना जमवून पोथी वाचते. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरच्यांना वेगळं बोलवावं लागत नाही.

तर सिनेमाच्या शेवटी काय होतं, की वीरकेतू राजा खोल दरीवर एका दोराला लोंबकळतोय. पाठीला उपरण्याने तान्हा राजपुत्र बांधलेला. वर कड्यावर त्याचाच सेनापती भैरवसेन उभा. तो हसतो, तलवार उगारतो, तलवार दोरावर येते, पोर टँ करून रडतं, आणि पडद्यावर काळोख. मग सोनेरी अक्षरांत, 'उर्वरित कथा भाग दोनमध्ये.'

मी उभं राहून टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं. याला म्हणतात शेवट, असं मी ऋतिकाला ऐकवलं. प्रेक्षकाला सुखाने घरी कोणीही पाठवेल, तळमळत पाठवायला अंगात कला लागते. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी माझ्याकडे वळून पाहिलं, ते कौतुकानेच असावं.

दिवे लागले, लोक निघाले. आत्या उठेना. मला वाटलं गुडघा धरला. तर ती म्हणाली, पुढचं लावू दे की. तोवर थेटरातला टॉर्चवाला पोरगा आला आणि "आंटी, पिक्चर खतम" म्हणाला. त्यावर आत्या त्याला शांतपणे म्हणाली की खतम कुठे, तो अजून वर आहे, डोळ्यांनी दिसतंय. मग साहेब आले, मॅनेजर आले, झाडूवाल्या दोघी आल्या. भाग दोन दोन वर्षांनी येणार हे मी तिला समजावलं. आत्याने ते ऐकून घेतलं आणि आम्हाला सगळ्यांनाच फैलावर घेतलं.

तिचं म्हणणं असं, की गोष्ट सांगायची काही रीत असते. पोथी मिटायची ती पोथीतली माणसं सुखरूप असताना. कोणी वनात असेल, कोणी रणात पडलेला असेल, तर दोन पानं पुढे वाचायचं, मग आमटी करपली तरी चालेल. नाहीतर त्याच्या अलीकडेच थांबायचं. माणसाला संकटात ठेवून पोथीवर फडकं घालणारा वाचक तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आणि इथे तर पाठीला पोर. शेवटी ती उठली, पडद्याकडे बघून तिने हात जोडले आणि म्हणाली, "त्याचे पाय टेकेपर्यंत मला भात वर्ज्य."

घाटावरच्या वाचकांना यातलं गांभीर्य कळायचं नाही, म्हणून खुलासा करतो. कोकणातल्या माणसाने गोड सोडलं तर ते आजारपण, आणि मासे सोडले तर श्रावण. भात सोडला तर लोक घरी विचारपूस करायला येतात.

पहिले दोन-तीन दिवस मी हसण्यावारी नेलं. आठवड्याने माझं हसणं गेलं. म्हातारी समोर भाकरीचा तुकडा मोडतेय आणि आपण वाफाळत्या भातावर आमटी ओततोय, हे आमच्या हिला बघवेना, म्हणून घरात भातच शिजेना. मी ऑफिसात आवक-जावक विभागात काम करतो. डोक्याचं काम आहे, त्याला भात लागतो. मी स्टेशनजवळच्या खानावळीत चोरून राइसप्लेट खायला लागलो. तिथे एका दुपारी मला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीने, जितेंद्रने, मुद्देमालासकट पकडलं. संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगला बातमी, की प्रल्हादरावांच्या घरी भाताचे वांधे आहेत.

त्यात कणकवलीहून माझा चुलतभाऊ सदानंद याचा फोन. त्याने आत्याला सहज विचारलं होतं, काय जेवलीस. ती म्हणाली, भात बंद आहे माझा. बस्स, एवढंच म्हणाली. सिनेमाचं काही बोलली नाही. सदानंदने मला अर्धा तास सोलून काढलं. वडिलांच्या सख्ख्या बहिणीला भाताला मोताद करतोस, लाज नाही वाटत? नसेल परवडत तर इकडे पाठव, आम्ही दोन घास घालू. मी म्हणालो, अरे, एक राजा लोंबकळतोय, त्याच्यासाठी चाललंय. त्यावर तो माझी तब्येत कशी आहे ते विचारू लागला.

सल्ले द्यायला तर रीघ लागली. जितेंद्र म्हणाला, प्रल्हादराव, सरळ थाप मारा. राजा वाचला म्हणून सांगा, कोण बघायला जातंय. म्हणून मी एका सकाळी चहा घेताना आत्याला सहज आवाजात म्हटलं, वाचला गं तो, पेपरात आलंय. आत्याने बशी खाली ठेवली. कसा वाचला? आता मी आवक-जावकवाला माणूस, मी म्हणालो, दोर मजबूत होता. आणि तलवार? तलवार बोथट निघाली. आत्याने माझ्याकडे जे पाहिलं, त्यानंतर मी तिच्यासमोर सहज आवाजात बोलणंच सोडून दिलं.

मग जितेंद्रचा मुलगा वेदांत पुढे सरसावला. कॉम्प्युटरमध्ये इंजिनीयर आहे. त्याने त्या नव्या यंत्रबुद्धीला सांगून भाग दोनचा शेवटच बनवून आणला, अर्ध्या मिनिटाचा. राजा झपझप वर चढतो, सगळं झकास. फक्त वर पोचेपर्यंत त्याच्या पाठीवर पोरं दोन झाली होती आणि भैरवसेन घोड्यावर उलटा बसला होता. आत्याने चष्मा पुसून तीनदा पाहिलं आणि वेदांतला विचारलं, दुसरं कोणाचं?

ऋतिकाने सिनेमावाल्यांनाच इंटरनेटवरून कळवलं, की आमच्या घरच्या आजींनी भात सोडलाय, निदान राजा वाचतो एवढं तरी सांगा. तिकडून उत्तर म्हणून आगीची तीन चित्रं आली. मी आत्याला डॉक्टरांकडे नेलं. म्हटलं, ते तरी दटावतील. डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिले आणि उठून आत्याचा हात हातात घेतला. साखर उतरली होती. आजी, काय केलंत, इतर पेशंटांनाही सांगतो. आत्या म्हणाली, सिनेमा पाहिला. घरी येताना रिक्षात ती इतकी खूश होती की मला परत विषय काढायची हिंमत झाली नाही.

इथपर्यंत हे सगळं हसण्यासारखंच होतं आणि मी ते ऑफिसात रंगवून सांगतही होतो. पण एका रविवारी दुपारी आत्या गॅलरीत कुंडीतली तुळस उकरत बसली होती. मी पेपर वाचत होतो. तिने मान वर न करता विचारलं, "प्रल्हाद, दोन वर्षं म्हणजे पुढच्याच्या पुढची दिवाळी ना रे?"

मी हो म्हणालो.

"मग असं कर. मी नसले तर तू जा बघायला. ऋतिकाला ने. ते पोर उतरताना आपल्याकडचं कोणी तिथे नाही, असं नको व्हायला."

एवढं बोलून ती माती उकरत राहिली. मी पेपर तोंडासमोर धरून बसलो, पण वाचता येईना. मी टाळ्या वाजवल्या होत्या, कारण पुढच्याच्या पुढची दिवाळी मी आपली समजून बसलो होतो. असे शेवट करणाऱ्यांचाही तोच हिशेब असतो. आत्या त्या हिशेबात कुठेच नव्हती. मला भयंकर वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी स्वस्थ बसत नाही. मी पेपर टाकला आणि ठरवलं, की भाग दोन आपणच काढायचा.

संध्याकाळी मी वसईतल्या होळी गावात बेसिलकडे गेलो. बेसिल शाळेतून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाला आणि आता वाडीत भाजी करतो. आमची ओळख भाजीवरून झाली आणि नाटकावरून वाढली. त्याच्या गावात नाताळच्या सुमाराला नाटक असलं आणि नाटकात राजा असला, की तो राजा बेसिल. छाती आहे, आवाज आहे, आणि मुकुट घातला की तो खरंच माणसांना ओळखेनासा होतो. मी त्याला सगळं सांगितलं. तो पाण्याची नळी हातात धरून ऐकत राहिला, वाफ्यात तळं झालं तरी.

मी त्याला म्हटलं, बाकी काही म्हण, शेवट म्हणून तो शेवट जबरदस्त आहे. बेसिल म्हणाला, "आमच्याकडे गुड फ्रायडेला देवळात बाया रडतात. दरवर्षी रडतात. पण रविवारी काय होणार ते पोरासोरांना ठाऊक असतं, म्हणून तर मोकळेपणी रडता येतं. तुझ्या सिनेमाने लोकांना शुक्रवार दिला आणि रविवार कपाटात ठेवला."

मी म्हटलं, मग काढू या रविवार. बेसिलने नळी खाली ठेवली आणि दाढीला दीड महिना लागेल म्हणाला. त्यावर मटिल्डा, त्याची बायको, घरातून बाहेर आली. भाच्याचं लग्न तोंडावर होतं आणि तिला फोटोत दाढीवाला नवरा नको होता. त्या दोघांचं त्यांच्या घरच्या बोलीत जोरात काहीतरी झालं. मला त्यातलं निम्मं कळतं, पण रोख कळला. शेवटी मटिल्डाने मला विचारलं, त्या भैरवसेनाचं काय करणार? मी म्हटलं, पश्चात्ताप. तिने दाढीला परवानगी दिली. सिनेमा तिनेही पाहिला होता.

सोसायटीच्या सत्यनारायणाचा दिवस ठरला. जागा म्हणजे खालच्या पार्किंगमधलं पंपघर. त्याच्या गच्चीच्या कडेवरून राजा लोंबकळणार. बिल्डिंगला रंगकाम चालू होतं, त्या रंगाऱ्यांचे झुल्याचे पट्टे, दोर आणि कप्पी आयतीच मिळाली. मला वाटलं झालं काम. पण जितेंद्र नियमाचा माणूस. सामाईक जागेवर माणूस टांगायचा तर विशेष सभा लागेल म्हणाला. विषयपत्रिका लिफ्टशेजारी लागली, 'पंपघराच्या भिंतीस राजा लटकवणेबाबत विचारविनिमय.' सभेला नेहमीप्रमाणे माणसं जमली नाहीत. आमच्या सोसायटीत सगळ्या सभा एकाच पद्धतीने होतात. जितेंद्र घड्याळ बघतो आणि एका दमात म्हणतो, गणसंख्येअभावी ही सभा तहकूब करण्यात येत असून अर्ध्या तासाने याच जागी पुन्हा भरेल. मग सगळे घरी जाऊन चहा पितात, आणि अर्ध्या तासाने जे चार जण परत येतात ते वाटेल ते मंजूर करतात. राजा लटकवणे मंजूर झालं. अट एकच, भैरवसेन जितेंद्र करणार. आणि त्यात त्याची पोटअट, की सेनापती फार वाईट दाखवू नये, कारण पुढे सोसायटीची निवडणूक आहे.

लाउडस्पीकरसाठी मी चौकीवर गेलो. हवालदारसाहेबांनी अर्ज वाचला. 'नाट्यप्रयोग, वीरकेतू भाग दोन.' म्हणाले, भाग एकची परवानगी जोडा. मी म्हटलं, भाग एक आम्ही केलेला नाही. मग भाग दोन कसा करता? मी म्हटलं, भाग एक थेटरात झाला. मग तिकडून आणा. मी अर्धा तास त्यांना समजावलं, आत्या सांगितली, भात सांगितला, पोथीची रीत सांगितली. हवालदारसाहेब पेन थांबवून बसले होते. मग खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "म्हणजे तो वाचतो का?" मी म्हटलं, प्रयोगाला या. त्यांनी अर्जात भाग दोन खोडून 'धार्मिक कार्यक्रम' लिहिलं आणि शिक्का मारला.

नाटक मी स्वतः लिहिलं. आवक-जावकमध्ये तीस वर्षं काढलेल्या माणसाच्या आत काय काय साठलेलं असतं याची लोकांना कल्पना नसते. संवाद असे उतरले की बेसिल एकेक वाचून दाखवायचा आणि मग बराच वेळ वाडीकडे बघत बसायचा. आणि एक गोष्ट मी कोणालाच सांगितली नव्हती. राजा वाचतो, पोर वाचतं, इथपर्यंत आत्याची सोय. पण लेखकाचीही काही सोय असते. शेवटच्या पानावर मी राजमहाल आणला होता. राणीला वाटतं राजा गेला, ती विषाचा पेला उचलते, ओठांशी नेते, आणि दिवे गुल. मला ठाऊक आहे तुम्ही काय म्हणाल. पण हाताशी एवढा चालून आलेला शेवट मोडवत नाही हो. एकदा लिहून बघा, मग बोला.

प्रयोगाच्या संध्याकाळी आरती आटोपली आणि पार्किंग खच्चून भरलं. हवालदारसाहेब साध्या कपड्यांत आले होते. आत्या ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत. तिला काही फसवलेलं नव्हतं. राजा म्हणजे होळीचा बेसिल हे तिला पक्कं ठाऊक होतं, सकाळी तिनेच त्याच्या दाढीला खोबरेल लावलं होतं. तिचं म्हणणं, सांगणारा कोणी का असेना, गोष्ट पुरती झाली पाहिजे. राजपुत्राच्या जागी बेसिलने वाडीतला कोवळा दुधी आणला होता, त्याला झबलं घातलं होतं.

मी माइकवरून भाग एकचं कथासार सांगितलं. ते थोडं लांबलं, असं नंतर काहींचं मत पडलं. तेवढा वेळ बेसिल लोंबकळत होता. मग भैरवसेन आला. जितेंद्रने तलवारीला हात घातला तर ती म्यानातून निघेना. तो ओढतोय, राजा वर बघतोय. शेवटी त्याने म्यानासकटच उगारली आणि लगेच, कुठलंही कारण नसताना, त्याला पश्चात्ताप झाला. "महाराज, मला क्षमा करा, मी सर्व सभासदांचा सेवक आहे," असं तो म्हणाला. हे वाक्य माझं नाही.

आता रंगाऱ्यांनी कप्पीवरून दोर सोडायचा आणि राजाने अलगद जमिनीवर यायचं. दोर हातभर सरकला आणि अडकला. खबरदारी म्हणून आदल्या दिवशी मी त्याला मधे एक जादा गाठ मारून ठेवली होती. ती गाठ कप्पीत जाऊन बसली. बेसिल ना वर ना खाली. पाय जमिनीपासून दीड-दोन फूट, पाठीला दुधी, आणि हळूहळू तो स्वतःभोवती फिरायला लागला.

आणि वीज गेली.

पार्किंगमध्ये मिट्ट काळोख. माइक बंद. कोणीतरी मोबाइलची बॅटरी लावली, त्या उजेडात राजा भिंतीकडे तोंड करून लोंबकळताना दिसला. त्याने मटिल्डाला उद्देशून घरच्या बोलीत एक वाक्य म्हटलं आणि या वेळी मला ते पूर्ण कळलं. गलका झाला. तेवढ्यात पंपघराच्या गच्चीवरून जितेंद्रचा आवाज आला. सवयच ती, जायची कशी. "वीजपुरवठ्याअभावी हा कार्यक्रम तहकूब करण्यात येत असून अर्ध्या तासाने याच जागी पुन्हा..." आणि तुम्हाला सांगतो, लोक उठले. चहाच्या ओढीने निम्मं पार्किंग खुर्च्या सरकवून जिन्याकडे वळलं.

"बसा सगळे," आत्या म्हणाली.

पोथीचा आवाज तो. त्याला माइक लागत नाही. लोक होते तिथे बसले, काही जण जिन्यावरच बसले.

"माणूस वर आहे. तहकूब कसलं करता?"

ती उठली. प्रसादाचं पातेलं ज्या प्लास्टिकच्या स्टुलावर होतं, ते पातेलं तिने हवालदारसाहेबांच्या मांडीवर ठेवलं. स्टूल उचललं आणि लुगड्याचा ओचा सावरत, मोबाइलच्या उजेडातून चालत ती थेट दरीत गेली. फिरणाऱ्या राजाचा घोटा एका हाताने धरून तिने त्याला थांबवलं आणि दुसऱ्या हाताने स्टूल त्याच्या पायांखाली सारलं.

"टेक पाय, बेसिल."

बेसिलने पाय टेकले. स्टूल डगमगलं, तिने ते गुडघ्याने रेटून धरलं. मग त्याच्या पाठीचं उपरणं सोडलं, दुधी काढून घेतला, झबलं सारखं केलं आणि तो खांद्यावर घेऊन लोकांकडे वळली. "पोर बरं आहे," ती म्हणाली. त्यानंतर ज्या टाळ्या पडल्या, तेवढ्या त्या थेटरातही पडल्या नव्हत्या. हवालदारसाहेबांना मांडीवर पातेलं असल्यामुळे टाळ्या वाजवता आल्या नाहीत, त्यांनी पातेलंच वाजवलं.

इथे खरं तर संपायला हवं होतं. पण माझ्या हातात शेवटचं पान होतं. मी माइकशिवाय, गळ्याच्या शिरा ताणून सुरू केलं, "परंतु त्याच वेळी दूर राजमहालात, शोकाने वेडी झालेल्या राणीने विषाचा पेला उचलला आणि आपल्या ओठांना..."

पार्किंग एकदम चिडीचूप झालं. बघा, जमलंच होतं. मी मान वर केली. आत्या दुधी थोपटता थोपटता थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती. आमची हीसुद्धा बघत होती. वरून भैरवसेन बघत होता.

"...ओठांना लावला नाही," मी म्हणालो. "ओतून दिला."

"कुठे?" आत्याने विचारलं. तिला गोष्ट पुरती लागते.

"मोरीत."

मग ती वर गेली. हिने मेणबत्तीच्या उजेडात कुकर लावला. मऊ भात, वर साधी डाळ, तूप, लिंबाची फोड. आत्याने बेसिलला शेजारी बसवलं, पहिला घास तिने त्याच्या हातावर ठेवला आणि मग स्वतः जेवली. तीनदा भात घेतला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मेणबत्तीच्या धुरामुळे असं मी ऋतिकाला सांगितलं. त्या दुधीची भाजी मात्र आत्याने करू दिली नाही. तो आमच्या शोकेसमध्ये, माझ्या पंचवीस वर्षांच्या सेवेबद्दल मिळालेल्या ढालीशेजारी, झबल्यासकट सुकला. आजही आहे.

आता लोक मला विचारतात, असे शेवट चालतात का? चालतात. डोक्यावर टांगून ठेवलेला माणूस कोणाला विसरता येत नाही, ते मी घरात भोगलंय. फक्त टांगणाऱ्याने आसपास एक स्टूल ठेवावं, आणि म्हातारी माणसं किती वाट पाहू शकतात याचा विचार करावा. एवढंच माझं मत आहे आणि त्यात बदल होणार नाही.

खरा भाग दोन दोन वर्षांवर आणखी काही महिने लावून आला. आत्या एकोणऐंशीची. आम्ही सगळे गेलो, बेसिल आणि मटिल्डाही. बेसिल तुळतुळीत दाढी करून आला होता, तरी त्याच्या चेहऱ्यावर मूळ नटाला संधी देणाऱ्या माणसाचा भाव होता. सिनेमा सुरू झाला. दोर तुटला, राजा कोसळला, आणि ढगांतून एक राक्षसी गरुड आला आणि त्याने राजाला पोरासकट पाठीवर झेललं. सगळं थेटर शिट्ट्या मारत होतं. आत्या मोठ्यांदा म्हणाली, "आणि स्टूल?" पुढच्या रांगेने वळून शूऽ केलं. "यांना माहीत नाही," ती बेसिलला म्हणाली.

मग लढाया झाल्या, हत्ती झाले, गाणी झाली. आणि अगदी शेवटी राजमहाल आला. शोकाने वेडी झालेली राणी. मी खुर्चीत ताठ झालो. राणीने विषाचा पेला उचलला, ओठांशी नेला, आणि पडद्यावर काळोख. सोनेरी अक्षरं. 'उर्वरित कथा भाग तीनमध्ये.'

माझं पान. हुबेहूब माझं पान. हिने माझा हात घट्ट धरला, तो अभिमानाने नव्हे, घाबरून. आम्ही सगळे आत्याकडे बघत होतो. माझ्या डोळ्यांपुढे भाकऱ्या आल्या, खानावळ आली, सदानंदचा फोन आला. आत्याच्या पलीकडे एक कॉलेजातली मुलगी ओढणीत तोंड घालून हमसून रडत होती.

आत्याने पर्समधून रुमाल काढला आणि तिच्या हातात दिला.

"रडू नको गं बाई," ती म्हणाली. "ती पीत नाही. ओतून देते मोरीत. आमच्या फुलपाड्यात केव्हाच झालंय ते."

मुलीने डोळे वर करून विचारलं, "खरंच, आजी?"

"मग. हा आमचा प्रल्हाद, यानेच सांगितलंय," आत्या म्हणाली, आणि घरी जाऊन भात लावायचा आहे म्हणून सगळ्यांच्या आधी उठली.